डोंगराळ रानातला बटाटा : पदरात काय पडते?



घाटकोपर-मुलुंडला नोकरी करणारा घरचा माणूस सणाला गावी आला की तिकडचा बटाट्याचा भाव सांगतो. तो ऐकून सगळे रान बटाट्यालाच घालावे असे वाटू लागते. पण गाड्यावरचा भाव हा आपला भाव नव्हे. बारदान, मोटारभाडे, हमाली, तोलाई आणि सडका-हिरवा माल वजा जाऊन उरेल तो आपला. तेव्हा लागणीआधी वहीत हिशेब मांडा.

आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार खरीप बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव ही तिथली गावे. पावसाळ्यात हवा थंड, जमीन हलकी व निचऱ्याची. जूनच्या पावसावर लागण होते, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. उत्तरेकडचे मुख्य पीक जानेवारी ते मार्चमध्ये निघते. म्हणून आपल्या नव्या मालाची गाठ पडते ती तिकडच्या शीतगृहातल्या जुन्या बटाट्याशी. तो साठा कमी असेल तर आपल्याला भाव, भरपूर असेल तर मंदी.

खरा खर्च बियाण्याचा

बहुतेक बियाणे पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. ते रोखीने घ्यावे लागते, आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. हिशेबासाठी आकडे धरू. एकरी ८ क्विंटल बियाणे, दर २५०० रुपये, म्हणजे २०,००० रुपये. नांगरट, खते, औषधे, मजुरी व काढणी मिळून २५,००० रुपये. एकूण ४५,०००.

उतारा एकास आठ पडला तर ६४ क्विंटल माल. किलोला सुमारे ७ रुपये खर्च. उतारा एकास चारवर आला तर तोच खर्च १४ रुपये. त्यावर बाजारखर्च वेगळा. घरच्या माणसांची मजुरीही मांडा. ती फुकट धरली तर तोटा दिसत नाही. आपल्या गावचे दर घालून हीच आकडेमोड करा.

उतारा कशाने घटतो?

पहिला शत्रू करपा. धुके आणि भुरभुर पाऊस लागून राहिला की तो झपाट्याने पसरतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने दुष्काळ पडला होता. डाग दिसण्याची वाट न पाहता १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मँकोझेब फवारा. दुसरे, खरिपात कापलेली फोड ओल्या जमिनीत सडते. शक्यतो लहान, अखंड बियाणे लावा. कापायचेच असेल तर विळी औषधाच्या पाण्यात बुडवून घ्या, फोडी सावलीत सुकवा. तिसरे, उताराला आडव्या सऱ्या काढा, पण पाणी तुंबू देऊ नका.

सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९७२ मध्ये 'कुफरी लवकर' हा वाण दिला. नावाप्रमाणे तो लवकर येतो, पठारी भागासाठीच तो काढलेला आहे. वाण कोणताही घ्या, बियाणे निरोगी हवे.

जोखीम वाटून घ्या

दोन एकर असतील तर निम्म्याच रानात बटाटा घ्या. काढणीनंतर उरलेल्या ओलीवर व खतावर ज्वारी किंवा हरभरा घ्या; घरचे धान्य व वैरण होते. चिप्सच्या कंपनीशी करार करताना दर, प्रत आणि नापास मालाचे काय, हे लिहून घ्या. आणि बियाण्यासाठी दागिना गहाण टाकण्याची वेळ आली, तर त्या वर्षी लागण कमी करा. बटाटा पुढच्या वर्षीही लावता येईल.