दुरुस्तीची दुरुस्ती
(द्वितीय वर्ष, कला)

मोटारगाडी ही एके काळी श्रीमंतीची खूण मानली जाई. आज आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे राहिले तर वडापच्या गाड्या, भाड्याच्या टॅक्स्या, भाजीचे टेंपो आणि कुणीतरी वापरून विकलेल्या जुन्या गाड्या यांचीच रांग दिसते. त्यांतल्या कित्येकींवर बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज असते. अशा गाडीला नाक्यावर किरकोळ ठोकर बसली, तर माणूस वाचला म्हणून आपण देवाला हात जोडतो आणि गाडी गॅरेजला लावतो. खरा मनस्ताप पुष्कळदा त्यानंतरच सुरू होतो. दार नीट लागत नाही, रंग जुळत नाही, पावसाचे पाणी आत येते. पैसे मात्र देऊन झालेले असतात. अशा वेळी काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

या विषयावर लिहिण्याचे कारण सांगते. माझे वडील कोल्हापुरात पत्र्याचे काम करतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना डेंटर म्हणतात. त्यांची स्वतःची लहानशी शेड आहे आणि हाताखाली दोन मुले आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातले आणि नात्यातले सगळे अर्ज, फॉर्म आणि बिले माझ्या पुढ्यात येतात. हातोडी आप्पांची आणि लेखणी माझी, अशी आमची कामाची वाटणी आहे.

पत्र्याचे काम म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. चेपलेल्या पत्र्याला एका बाजूने डॉली नावाचा लोखंडी ठोकळा धरतात आणि दुसऱ्या बाजूने हातोडीचे हलके ठोके देत तो मूळ आकाराला आणतात. हे काम चिकाटीचे आहे. शेवटी जो बारीक उंचसखलपणा उरतो, तेवढाच पुट्टीने भरायचा, पॉलिश पेपरने घासायचा, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, असा क्रम असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे वहीच्या एकदोन पानांएवढी. घाईच्या कामात पत्रा अर्धवटच उचलला जातो आणि उरलेला खड्डा पुट्टीने बुजवतात. रंग चढला की दोन्ही कामे सारखीच दिसतात. फरक पुढे कळतो. जाड पुट्टी तडकते, फटीतून पाणी शिरते, पुट्टी ते पाणी धरून ठेवते आणि आतल्या पत्र्याला गंज चढून रंगावर फोड येतात.

म्हणून गाडी ताब्यात घेताना ती दिवसाउजेडी पाहावी. आप्पा म्हणतात, "रंग समदं झाकतोय, पर ऊन काय झाकू देत न्हाई." तिरप्या उन्हात गाडीच्या कडेला उभे राहून पत्र्यात पडलेले प्रतिबिंब पाहावे. ते वेडेवाकडे दिसले तर पत्रा सपाट नाही असे समजावे. दाराच्या आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, हे बोट फिरवून ताडावे. लोहचुंबकाला पातळ फडके गुंडाळून तो पत्र्यावर फिरवावा. पुट्टी जाड असेल तिथे तो नीट धरत नाही. मात्र बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे ही परीक्षा लागू पडत नाही. रंगात ओघळ आहेत का, तो संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो का, काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे उडाले आहेत का, हेही पाहावे. दार बंद करून वरून नळीने पाणी सोडावे आणि आत कोरडे राहते का ते तपासावे. शेवटी रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. ती एका बाजूला ओढत असेल, तर दुरुस्ती नुसती वरवरची झाली असे मानायला जागा आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट ग्राहकानेही समजून घेतली पाहिजे. चंदेरी किंवा चमकीच्या रंगात धातूचे बारीक कण असतात. फवारा जवळून मारला की लांबून, यावरही ते कण कसे बसतात हे ठरते आणि तीच छटा वेगळी दिसते. त्यातून जुना रंग उन्हाने थोडा उतरलेला असतो. त्यामुळे कंपनीच्या क्रमांकाचा रंग आणला तरी तो हुबेहूब जुळेलच असे नाही. चांगला कारागीर शेजारच्या भागावर रंग पातळ करत नेऊन जोड दिसू देत नाही. त्याला ब्लेंडिंग म्हणतात.

आता एक अनुभव सांगते. माझे मामा गडहिंग्लजकडे स्वतःची पिवळ्या पाटीची गाडी भाड्याने चालवतात. गेल्या वर्षी एका टेंपोने त्यांच्या गाडीच्या डाव्या बाजूला घासटून मागचे दार चेपवले. विमा होता. विमा कंपनीच्या यादीतल्या एका मोठ्या गॅरेजात रोख पैसे न भरता काम होईल असे कळल्यावर गाडी तिथे गेली. संध्याकाळी उशिरा गाडी मिळाली आणि काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर मामांची सही घेतली गेली. दुसऱ्या दिवशी दार दोनदा आपटल्याशिवाय लागेना. चार दिवसांनी वळीव पडला आणि मागच्या सीटखाली पाणी साचले.

मामा चिडून गॅरेजात भांडायला निघाले होते. आप्पांनी त्यांना थांबवले आणि गाडी आमच्या शेडसमोर उन्हात उभी करायला लावली. त्यांनी एकेक दोष बोटाने दाखवावा आणि मी तो लिहून घेऊन फोटो काढावा, असा आमचा तासभर गेला. पाच दोष निघाले : बिजागरी वाकडी, दाराचे रबर जागेवर नाही, खालच्या भागात जाड पुट्टी, रंगाची छटा वेगळी, आणि दारालगतच्या पट्टीवर गंज. मी रागाच्या भरात ज्या मुलाने रंग मारला त्याचे नाव अर्जात घालणार होते. बिलाच्या मागे ते होते. आप्पा म्हणाले, "कामाचं लिही, माणसाचं लिहू नगंस. त्या पोराचा पगार कापतील, आन् दार तसंच ऱ्हाईल." अर्जातून मी ते नाव वगळले.

अर्ज एका पानाचा झाला. गाडी कधी दिली, कधी परत मिळाली, बिलाचा क्रमांक, क्रमाने पाच दोष, आणि 'हे दोष पंधरा दिवसांत विनामूल्य दूर करून द्यावेत' ही मागणी. एक प्रत गॅरेजला, एक विमा कंपनीला, आणि तिसऱ्या प्रतीवर पोच. गॅरेजमध्ये प्रथम "रंग बसायला वेळ लागतो" असे उत्तर मिळाले. मामांनी आवाज न चढवता पोच तेवढी मागितली. नवव्या दिवशी गाडी बोलावली गेली. बिजागरी आणि रबर बदलले, पुट्टी काढून पत्रा पुन्हा उचलला, शेजारच्या भागावर ब्लेंडिंग केले. पाचवा दोष त्यांनी नाकारला. तो गंज धडकेच्या आधीचा आहे असे त्यांचे म्हणणे होते. आप्पांनी पुन्हा वाकून पाहिले आणि गॅरेजचे म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले. मामांचे सहा दिवसांचे भाडे मात्र बुडाले, ते कुणी भरून दिले नाही.

अर्जाला उत्तरच आले नसते तर? तर कायदा आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहकांसाठी असा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी झाला. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव ही या कायद्यानुसार 'सेवेतील त्रुटी' ठरते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. आयोग त्रुटी दूर करण्याचा, पैसे परत देण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

भाड्याची गाडी म्हणजे धंदा, मग मामा ग्राहक कसे, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक नव्हे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच जो सेवा घेतो, तो ग्राहकच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका निकालात स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणाऱ्याचे उदाहरण देऊन हे स्पष्ट केले आहे.

विम्याबाबत एक फरक ध्यानात ठेवावा. काम वाईट झाले असेल तर गॅरेजकडे दाद मागायची आणि विमा कंपनीलाही कळवायचे. विमा कंपनीने पैसेच कमी दिले किंवा उशीर लावला, तर ती वेगळी तक्रार आहे. ती आधी कंपनीकडे करायची आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जायचे. त्याला शुल्क लागत नाही. मात्र प्लॅस्टिक आणि रबराच्या सुट्या भागांवर नेहमीच्या पॉलिसीत निम्मी घसारा कपात असते. त्याला लूट म्हणता येत नाही, कारण ती करारातच लिहिलेली असते.

"काम नीट नाही, तर पैसेच देऊ नका," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम सांगते की, ज्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्चून ठरलेले काम केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण त्यात दिले आहे. शिंप्याचेही आहे; पण त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केलेली असल्यामुळे त्याला कोट अडवता येत नाही. हे कलम मी वाचून दाखवले तेव्हा आप्पा हसले. आम्ही झोपलो असताना शेडमधून गाडी काढून नेऊन पैसे बुडवलेली गिऱ्हाइके त्यांनी पाहिली आहेत. तेव्हा गाडी अडकली असेल आणि भाड्याचे दिवस बुडत असतील, तर पैसे द्यावेत. पण बिलावर 'कामाबद्दलची हरकत राखून रक्कम दिली' असे लिहून सही करावी आणि त्याचा फोटो ठेवावा. समाधानाच्या कागदावर सही मागितली, तर तिथेही आपले दोष लिहूनच सही करावी.

मामांच्या गाडीनंतर आप्पांच्या शेडमध्ये एक नवी पद्धत सुरू झाली आहे. गाडी परत देताना मी तयार केलेला एक छापील कागद ते भरून देतात. कोणता पत्रा ठोकला, कोणता भाग बदलला, पुट्टी कुठे लावली, रंगाचा क्रमांक काय, आणि तीन महिन्यांत दोष निघाल्यास दुरुस्ती विनामूल्य. आतापर्यंत दोघे तो कागद घेऊन परत आले. एकाच्या दाराचा रंग खरोखरच उचलला होता. आप्पांनी तो फुकट करून दिला. दुसऱ्याने दाखवलेला ओरखडा नवा होता, त्याचे पैसे घेतले. कागदावर सगळे लिहिलेले होते, त्यामुळे दोघांशीही वाद झाला नाही.