केस सरळ होतात म्हणजे नेमकं काय होतं?

"बाई, केराटिन केलं की केसांना प्रोटीन मिळतं ना?" रासायनिक बंध शिकवताना नववीतल्या एका मुलीने विचारलं. घरात लग्न होतं. हा प्रश्न तुमच्याही घरी येईल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपला केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचाच असतो. त्यात गंधक असलेलं सिस्टीन भरपूर, म्हणून तर केस जळला की तो उग्र वास येतो. शेजारच्या साखळ्यांमधली गंधकं एकमेकांना धरून ठेवतात. हे डायसल्फाइड बंध मजबूत. त्यांच्या जोडीला असंख्य हायड्रोजन बंध असतात, ते कमजोर, पाण्यानेही तुटतात. घरच्या मशीनने केस सरळ केले, तर हेच कमजोर बंध नव्याने जुळतात. मग रत्नागिरीच्या जुलैच्या दमट हवेत बस स्टँडपर्यंत पोचेस्तोवर केस पुन्हा कुरळे!

रिबॉण्डिंगचं तसं नाही. त्यात थायोग्लायकोलेटचं क्रीम डायसल्फाइड बंधच तोडतं, केस ताणून सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध पुन्हा जोडतात. सगळे जुळत नाहीत, म्हणून केस कमजोर होतो. मुळाशी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस येतो, तो मात्र पहिल्यासारखाच कुरळा.

आता केराटिन ट्रीटमेंट. बाटलीतलं प्रथिन केसाचा भाग होत नाही. केस सरळ ठेवण्याचं काम बहुधा दुसरंच रसायन करतं. पूर्वीपासून वापरात असलेलं म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड. प्रयोगशाळेतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्यातलंच. गरम मशीन फिरवलं की त्याची वाफ श्वासात जाते. पार्लरमध्ये काम करणारीच्या तर रोज. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं.

म्हणून 'फॉर्मॅल्डिहाइड नाही' असं लिहिलेल्या बाटल्या आल्या. त्यांतल्या अनेकांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध केली. तीन वेळा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा. क्रीममध्ये हे ॲसिड १० टक्के होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांना लावलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक सापडले.

त्या मुलीला मी 'करू नकोस' म्हटलं नाही. पार्लरमध्ये बाटली मागून घे आणि मागची बारीक अक्षरं वाच, एवढंच सांगितलं. वाचायचे शब्द दोन: फॉर्मॅल्डिहाइड आणि ग्लायऑक्झिलिक ॲसिड. ते तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.