एक मूर्ती, दोन गावे आणि अडलेले पॅकेज

नळदुर्गहून आलेल्या एका पत्राने हा लेख लिहिण्यास मला प्रवृत्त केले. पत्रलेखक लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि यात्रेची हस्तपत्रके छापणारे गृहस्थ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची विनामूल्य सुरक्षा-सेवा बंद झाली, त्यांचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेना, आणि एका चिपेच्या उणिवेपायी धडधाकट यंत्र भंगारात घालणे त्यांच्या जिवावर आले. तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने दिवाळीच्या सुटीत येऊन त्यावर लिनक्स मिंट बसवून दिले. येथवर सारे सुरळीत झाले. परंतु ज्या प्रोग्रामात गेली वीस वर्षे त्यांच्या पत्रिकांची अक्षरे जुळत आली होती तो पडला विंडोजचा. तो लिनक्सवर चालावा म्हणून ‘वाइन’ नावाची सोय बसवू गेले, तर यंत्राने ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ असा शेरा मारून अर्ज परत केला. “आमचे नेमके कोणाचे कोणते देणे राहून गेले आहे, ते कृपया कळवावे,” असे त्यांनी लिहिले आहे.

‘नवा प्रोग्राम घ्या’ हा सल्ला देणे सोपे आहे. पण तो देणाराने मराठी अक्षरजुळणीचा इतिहास पाहिलेला नसतो. देवनागरीला युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, स्थान मिळाले आणि इस्की ही संकेतप्रणालीही भारतीय मानक म्हणून त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तथापि छापखाने या दोहोंसाठी थांबले नाहीत. सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलरची श्री-लिपी, कृतिदेवसारखे फॉन्ट, या सर्वांच्या आधारे लक्षावधी पृष्ठे अशा रीतीने जुळवली गेली की, जी घरे मुळात रोमन अक्षरांसाठी आखली होती त्यांत मराठी काना-मात्रा बिऱ्हाड करून राहिल्या, आणि कोणत्या घरात कोण राहते हे त्या त्या प्रोग्रामालाच ठाऊक राहिले. अन्यत्र उघडली की तीच पत्रिका निरर्थक चिन्हांची रांगोळी होते. म्हणजे या गृहस्थांना जुन्या प्रोग्रामाचा मोह आहे असे नव्हे. त्यांचे दप्तरच त्या लिपीत बंदिस्त आहे.

आता वाइन म्हणजे काय, हे सांगण्यास नळदुर्गाइतके सोयीचे गाव मला दुसरे सुचत नाही. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, आणि येथील कारभार ज्याच्या हाती सोपवला गेला तो मेडोज टेलर, ठगांवरील कादंबरीचा कर्ता, हा होय. (वाङ्मयाचे अभ्यासक त्याला त्या कादंबरीसाठी स्मरतात, मला त्याची नळदुर्गची कचेरी अधिक आकर्षक वाटते.) सात वर्षांनी, १८६० मध्ये, मुलूख पुनश्च निजामाकडे गेला. या उलथापालथीत सामान्य कुळकर्ण्याने काय केले असेल? तो ज्या शिरस्त्याने अर्ज लिहीत आला त्याच शिरस्त्याने लिहीत राहिला असणार, आणि शहाण्या अंमलदाराने ‘आमच्या पद्धतीने लिही’ असा हट्ट न धरता जुन्या नमुन्याचा अर्ज रुजू करून घेऊन त्याला जुन्याच नमुन्याचे उत्तर दिले असणार. वाइन नेमके हेच करते. विंडोजचा प्रोग्राम ‘ही फाइल उघडा’, ‘ही खिडकी रेखाटा’ असे अर्ज विंडोज सरकारच्या नावे धाडतो. कचेरीत प्रत्यक्षात लिनक्स बसलेले असते. वाइन तो अर्ज स्वीकारते, लिनक्सकडून काम करून घेते आणि विंडोजच्या थाटाचे उत्तर परत करते. प्रोग्रामाला अंमल बदलल्याची वार्ताही लागत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो पुष्कळ लेखांतून गुळगुळीत केला जातो. वाइन प्रोग्रामाच्या प्रत्येक वाक्याचे भाषांतर करीत नाही. बेरीज-वजाबाकीच्या मूळ आज्ञा प्रोसेसर थेट पाळतो, कारण दोन्ही राजवटींत प्रोसेसर तोच असतो. मध्यस्थी लागते ती केवळ सरकारदरबारी जाणाऱ्या अर्जांपुरती. म्हणूनच ‘हे अनुकरणयंत्र नव्हे’ असे सांगणाऱ्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव घडविले आहे. हा उद्योग १९९३ मध्ये बॉब ॲमस्टॅट प्रभृतींनी सुरू केला. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ज्युलियार यांनी सूत्रे हाती घेतली आणि ती अद्याप त्यांच्याच हाती आहेत. पहिली ‘१.०’ आवृत्ती बाहेर पडली १७ जून २००८ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी! ज्या धंद्यात तीन महिन्यांत ‘क्रांती’ जाहीर करण्याची प्रथा आहे, तेथे दुसऱ्याच्या सरकारचे अलिखित शिरस्ते एकेक करून हुडकीत हा मनुष्य तीन दशके बसून आहे. वाल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये याच पायावर प्रोटॉन उभारून खेळांच्या दुनियेत जयघोष मिळवला. त्या जयघोषात ज्युलियार यांचे नाव किती जणांच्या कानी पडले असेल, हे वाचकांनीच ताडावे.

तर मग अडले कोठे? वाइनमध्ये नव्हे, वाइन बसविण्याच्या वाटेवर. लिनक्सवर कोणताही प्रोग्राम एकटा येत नाही. तो पॅकेज म्हणून येतो आणि सोबत आपल्या गरजांची यादी आणतो: अमुक लायब्ररी (म्हणजे अनेक प्रोग्रामांनी वाटून वापरावयाचा सामाईक भाग), अमुक आवृत्तीची किंवा तिच्याहून नवी, तमुक मात्र असता कामा नये. जुने विंडोज प्रोग्राम बहुधा ३२-बिटी असल्यामुळे वाइनच्या नेहमीच्या बांधणीला ६४-बिटी अंगाबरोबर ३२-बिटीही लागते, आणि लिनक्समध्ये ३२-बिटी पॅकेजांना पुष्कळदा मुद्दाम मान्यता द्यावी लागते. ही मान्यता दिलेली नसेल तर पॅकेजे जेथून येतात त्या भांडारात निम्मे वाइन सापडतच नाही. निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. मात्र भाच्याने ती दिलेली होती. मग?

नळदुर्गच्या वाचकांना खंडोबाचा दाखला निराळा द्यावयास नको, इतरांसाठी सांगतो. अणदूर आणि नळदुर्ग या शेजारी गावांत खंडोबाची मूर्ती एकच आहे, देवळे मात्र दोन. वर्षातील सव्वादहा महिने देव अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. केव्हा न्यावयाची, केव्हा परत करावयाची, हे सारे कलमबंद असते. श्रद्धेच्या विषयात कागदाचे काय काम, असे ज्याला वाटेल त्याने पॅकेजांच्या जगात एक आठवडा काढावा. डेबियन ही लिनक्सची शाखा आणि तिच्या परिवारातील उबुंटू व मिंट यांत एकाच लायब्ररीची ६४-बिटी व ३२-बिटी अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात, परंतु काही कागदपत्रे दोघांत सामाईक असल्यामुळे कराराचे एक कलम अभंग आहे: दोन्ही रूपांची आवृत्ती अक्षरशः एकच असली पाहिजे. १.२.३ च्या शेजारी १.२.४ चालत नाही. (दृष्टान्त येथे किंचित लंगडतो, कारण लायब्ररी दोन्ही देवळांत एकाच वेळी असते, पण देव तोच असला पाहिजे, ही अट दोन्हीकडे समान.) एका गावाने परस्पर नवी मूर्ती बसवली, तर त्याचे देऊळ उभे राहील, करार राहणार नाही.

आणि झाले होते नेमके तसेच. भाच्याने ध्वनी सुधारावा म्हणून एक बाहेरचे भांडार जोडले होते, त्यातून एका लहानशा लायब्ररीचे नवे ६४-बिटी रूप येऊन बसले होते, आणि त्या भांडारात ३२-बिटी रूप तयारच केलेले नव्हते. मिंटच्या मूळ भांडारात ३२-बिटी रूप होते, पण जुन्या आवृत्तीचे. वाइनने ३२-बिटी रूप मागताच करार मोडला.

यंत्राने हे एवढे स्पष्ट सांगितले असते तर पत्र लिहिण्याचे कारण पडले नसते. पण त्याचा स्वभाव जुन्या कचेरीतील कारकुनासारखा. तो आपल्या टेबलावर अडलेल्या कागदाचा तेवढा उल्लेख करतो, पलीकडच्या खोलीत काय अडले ते सांगत नाही. ‘वाइनएचक्यू-स्टेबल’ला ‘वाइन-स्टेबल’ हवे आहे, ते बसणार नाही, आणि तळाशी ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हा भयप्रद शेरा, ज्याचा पुष्कळदा कोणत्याही मोडलेल्या पॅकेजाशी संबंध नसतो! उपाय एकच: ज्याच्यापायी अडले त्यालाच नाव घेऊन बोलवावयाचे. ‘वाइन-स्टेबल’ मागा, ते ३२-बिटी भागाकडे बोट दाखवील. तो भाग मागा, तो एखाद्या लायब्ररीकडे बोट दाखवील. असे करीत साखळीच्या शेवटच्या कडीशी पोहोचलात की ‘एपीटी-कॅशे पॉलिसी’ या आज्ञेने विचारा की, बसलेली आवृत्ती कोणती आणि ती कोणत्या भांडारातून आली. या प्रकरणात सहाव्या पायरीवर चोर सापडला. बाहेरचे भांडार काढून लायब्ररी मूळ आवृत्तीवर परत आणताच वाइन बिनतक्रार बसले. मिंटच्या मंडळींसाठी आणखी एक इशारा: वाइनचे भांडार जोडताना मिंटचे टोपणनाव नव्हे, तर ज्या उबुंटूवर ते मिंट उभे आहे त्याचे टोपणनाव द्यावे. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभे आहे, तेथे २२.०४ साठी बांधलेली पॅकेजे आणाल तर असाच तंटा उभा राहील.

हा तंटा सोडविणे यंत्राला इतके जड का जावे, याचे उत्तर मला तरी अत्यंत मोहक वाटते, आणि पत्रलेखक लग्नपत्रिका छापतात म्हणून ते त्यांना चटकन पटेलही. पत्रिकेवर निमंत्रकांची नावे घालताना काय होते? थोरल्या काकांचे नाव घातले तर धाकट्याचेही घालावे लागते. धाकट्याचे घातले तर आत्याबाईंचे यजमान आपले नाव गाळा म्हणतात. त्यांचे गाळले तर मामांपैकी एकाचे तरी हवेच. प्रत्येक नाव घालावे वा गाळावे, एवढेच दोन पर्याय. पण वीस नावांच्या दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर तऱ्हा होतात आणि चाळीस नावांच्या एक लाख कोटींहून अधिक. सर्वांना मान्य होईल अशी एखादी तऱ्हा आहे की नाही, हे नेहमी झटपट सांगणारी युक्ती कोणालाही सापडलेली नाही. आणि या जातीच्या कोड्यांतील मूळपुरुष म्हणजे हेच घालावे-गाळावेचे कोडे, हे स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवले. पॅकेजे बसविण्याचा प्रश्न तंतोतंत याच जातीचा आहे, हे युरोपातील एडॉस प्रकल्पात रोबेर्तो दि कोस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. म्हणजे पॅकेजे बसविणारे आपले ‘एपीटी’ चुकते ते आळसाने नव्हे. जे काम तत्त्वतः दुर्घट आहे ते एपीटी अंदाजाने उरकत असते. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीत पद्धतशीर माघार घेत शोध करणारा नवा उकलकर्ता आला आहे, हे शुभवर्तमान खरेच.

ज्या चित्रफिती ‘पाच मिनिटांत विंडोजचे काहीही लिनक्सवर’ असे आश्वासन देतात आणि पहिल्याच अडचणीला ‘फोर्स’ हा शब्द असलेली आज्ञा सुचवतात, त्यांच्यापासून मात्र मी वाचकांना सावध करू इच्छितो. जबरदस्तीने बसविलेले पॅकेज म्हणजे पोलीस बंदोबस्तात नेलेली मूर्ती. पुढच्या वर्षी काय व्हायचे ते होतेच. आणि काहीही चालते हे तर सरळ असत्य आहे. संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे कुलूप, ज्याला छापखान्यात सारे डोंगल म्हणतात, ते ज्या प्रोग्रामाला लागते तो वाइनवर बहुधा रुसतो, कारण कुलपाचा चालक थेट विंडोजच्या गाभाऱ्यात शिरू पाहतो आणि तो गाभारा वाइनपाशी नाही. उलट एक गंमत सांगितलीच पाहिजे. १६-बिटी जमान्यातील कित्येक प्रोग्रामांना ६४-बिटी विंडोजने दारातूनच परत पाठवले आहे. त्यांतील काही वाइनवर आजही सुखाने चालतात. स्वतःच्या प्रजेला जे आश्रय देईना, त्या सरकारचे शिरस्ते परक्याने जपावे, यातील विनोद ज्युलियार यांना नक्कीच कळत असेल.

वाइन बसल्यावर दुसरा अंक सुरू होतो, त्याचा उल्लेख थोडक्यात करतो. विंडोजच्या प्रोग्रामालाही आपल्या बाजूची डीएलएल-मंडळी, म्हणजे विंडोजच्या लायब्रऱ्या, हव्या असतात. त्या आणून देणारी ‘वाइनट्रिक्स’ ही छोटी स्क्रिप्ट डॅन केगेल यांनी लिहिली. एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके कशी सांभाळावी, हा प्रश्न १९९९ मध्ये जगापुढे मांडणारे केगेल ते हेच. प्रत्येक जुन्या प्रोग्रामासाठी वाइनमध्ये स्वतंत्र खोली, ज्याला प्रिफिक्स म्हणतात, ती करावी; एकाची डीएलएल दुसऱ्याच्या पानात पडत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळत असताना आतील दालनात मनुष्य कोरडा उभा राहू शकतो. प्रिफिक्सकडून अपेक्षा एवढीच.

गेल्या आठवड्यात पुन्हा पत्र आले. प्रोग्राम चालतो, पौष पौर्णिमेच्या यात्रेचे हस्तपत्रक जुळले, छापलेही. सोबत नमुना जोडला होता. अक्षरे सुरेख आहेत, केवळ ‘मानकऱ्यांच्या’ या शब्दात ‘ऱ्य’च्या जागी एक रिकामा चौकोन उमटला आहे. जुन्या फॉन्टने तो अर्धा र कोणत्या घरात ठेवला होता हे पाहिले पाहिजे. विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या रोमन अक्षर-कोष्टकात पाच घरे रिकामी ठेवलेली आहेत, आणि माझा संशय त्यांपैकी एकावर आहे. फॉन्टची फाइल मी मागवली आहे.