शेतातला दगड फोडण्यापूर्वी



उसाला पाणी दिल्यावर सरीतून बैल गेला की चिखलात त्याचा खूर उठतो. ऊन पडलं की वाळतो आणि पुढच्या पाण्याला पुसून जातो. पण तळ्याकाठी उठलेलं पाऊल वाळून कडक झालं, त्यावर वाळूचे थर चढत गेले, तर काळाच्या ओघात सगळ्याचा दगड होतो आणि पाऊल टिकतं. डायनोसॉरची पावले अशीच राहिली आहेत. ती शेतात कशी सापडतात, याच्या अमेरिकेतल्या दोन हकिगती आम्ही येथे देत आहोत.

१८०२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात साउथ हॅडली येथे प्लिनी मूडी हा शेतकऱ्याचा मुलगा नांगरत होता. तांबड्या दगडाची फरशी वर आली, तिच्यावर तीन बोटांचे ठसे! घरच्यांनी ती दाराशी पायरी म्हणून बसवली. पुढे ते ठसे बायबलातल्या महापुरात नोहाने सोडलेल्या कावळ्याचे ठरवले गेले. १८३६ साली एडवर्ड हिचकॉक यांनी अशा ठशांचा अभ्यास छापला, पण त्यांनाही ते पक्ष्यांचेच वाटले. 'डायनोसॉर' हे नावच मुळी १८४२ सालचे.

दुसरी हकिगत २००० सालची, युटा राज्यातल्या सेंट जॉर्जची. एक गृहस्थ यंत्राने आपली जमीन सपाट करीत होते. एक दगड उलटा पडला, तर खालच्या अंगाला पाऊल उठून आलेलं, साच्यातून गुळाची ढेप निघावी तसं. पाऊल सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचं. त्यांनी जाणकारांना बोलावलं आणि पावलांचे दगड लोकांसाठी देऊन टाकले. २००५ साली तेथे संग्रहालय उघडले.

आता आपल्याकडचं. आपला काळा कातळ हा थिजलेला लाव्हा. त्या तापलेल्या रसात पाऊल कुठून उठणार? पण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत.

तेव्हा विहीर खणताना वा जमीन सपाट करताना हाडासारखा किंवा ठशाचा दगड दिसला, तर तो फोडू नका, उचलूनही नेऊ नका. दोन पावलांतलं अंतर मोजूनच प्राणी चालत होता की पळत, हे कळतं. दगड हलला की तो हिशोब मोडला. जागेवरच फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.

काम थोडं खोळंबेल, हे आम्हांस ठाऊक आहे. पण राहिलेलं काम पुन्हा करता येतं, फुटलेलं पाऊल पुन्हा जुळत नाही.