खर्जाचा सूर आणि वाजवणाऱ्याचे कान

चैत्र लागला की चारोटी परिसराचा आवाजच बदलून जातो. एरवी येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील ट्रकांची घरघर तेवढी कानावर असते. चैत्रात मात्र विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, १४ एप्रिलची मिरवणूक निघते, पाठोपाठ लग्नसराई आणि बुद्ध पौर्णिमा येते. डहाणू, कासा, तलासरी या बाजूच्या बेंजो पार्ट्या, गायन पार्ट्या, ऑर्केस्ट्रा आणि डीजेवाले यांना या दिवसांत उसंत नसते. वाजवणारी मुले बहुधा आपलीच असतात. कोणी कॉलेजात शिकतो, कोणी कंपनीत कामाला जातो आणि रात्री वाजवायला उभा राहतो.

मोठ्या आवाजाचा आजारी माणसांना, म्हाताऱ्यांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना होणारा त्रास आपण नेहमी बोलतो. परंतु त्या आवाजाच्या सर्वांत जवळ जो उभा असतो, त्या वादकाच्या कानांचे काय होते, याचा विचार फारसा होत नाही. ऐकणारा तासाभराने घरी जातो. वाजवणारा चार-पाच तास तेथेच असतो, आणि तेही हंगामभर, वर्षानुवर्षे. प्रस्तुत लेखात बेस गिटार या वाद्याच्या निमित्ताने या प्रश्नाची माहिती करून घेऊ. बेस गिटार घेण्याचे कारण असे की, कानाचे आणि यंत्रसामग्रीचे नाते या वाद्यात फार स्पष्ट दिसते.

बेस गिटार म्हणजे काय?

बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली आणि तेथून या वाद्याचा प्रसार झाला. त्यापूर्वी खर्जाचे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसवर चाले. भरीव लाकडाच्या या नव्या वाद्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्यास पिकअप म्हणतात. लोखंडी तार हलली की त्या वेटोळ्यात अगदी अल्प वीज निर्माण होते. अॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरचा पडदा हवा हलवतो. म्हणजे हे वाद्य निम्मे हातात आणि निम्मे पेटीत असते.

सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. माणसाचा कान २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो असे धरतात. त्या मानाने ही अगदी तळाची पायरी झाली. आपल्याकडील ज्या पार्टीत बेस गिटार नसते, तेथे हेच काम कीबोर्डचा खालचा भाग, मोठा ढोल आणि डीजेचे 'बेस' करतात. म्हणून पुढील विवेचन त्यांनाही लागू आहे.

खर्जाला एवढी ताकद का लागते?

आपला कान सर्व सूर सारखे ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. १,००० कंपनांचा सूर ६० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा ४० कंपनांचा सूर वाटावा म्हणून त्याला ९० डेसिबलहून अधिक पातळी द्यावी लागते. येथे डेसिबलचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. तो साध्या बेरजेचा नसतो. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ताकद दुप्पट होते, १० वाढले की दहापट होते. कानाला मात्र दहापट ताकद केवळ दुप्पट आवाजासारखी भासते. या फसवणुकीमुळेच 'अजून थोडा वाढव' हे वाक्य इतके सहज तोंडातून निघते.

यास्तव खर्जासाठी मोठे अॅम्प्लिफायर आणि १०, १२, १५, १८ इंची स्पीकर आले. १९६५ च्या सुमारास इंग्लंडच्या मार्शल कंपनीने 'द हू' या रॉक समूहाच्या आग्रहावरून १०० वॅटचा अॅम्प्लिफायर तयार केला. १९६९ मध्ये अॅम्पेग कंपनीने खास बेससाठी ३०० वॅटचा 'एसव्हीटी' काढला. पुढे गिटारवाल्याने आवाज वाढवला की बेसवाला वाढवणार आणि ढोलवाला जोराने मारणार, अशी चढाओढ सुरू झाली.

कानात काय बिघडते?

अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. प्रत्येक कानाच्या या शंखात सुमारे १५,००० केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरीने त्यांच्यावरील सूक्ष्म केस हलतात आणि त्यापासून निघालेला संदेश मेंदूकडे जातो. फार मोठ्या आवाजाने हे केस शेतात वादळाने भात आडवे पडावे तसे पडतात. एका रात्रीनंतर कानाला दडे बसतात, कान वाजतो आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते. परंतु असे वारंवार झाले की पेशी मरतात. पक्ष्यांच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, कोंबडीच्या कानातही उगवतात. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. गेली ती कायमची गेली.

यात एक आश्चर्याची गोष्ट आहे. वादक वाजवतो खर्ज, पण त्याचे ऐकू येणे कमी होते ते प्रथम ४,००० कंपनांच्या आसपासचे. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या कानाची नळी ३,००० कंपनांजवळचा ध्वनी आपोआप वाढवते आणि शंखातील तो भाग सर्वांत नाजूक असतो. दुसरे असे की, बेसवाल्याच्या कानात एकटा बेस जात नसतो. शेजारी ताशा, झांज, ड्रमच्या पितळी थाळ्या आणि स्पीकरचा हॉर्न असतो. त्या गदारोळात स्वतःचा खर्ज ऐकू यावा म्हणून तो पेटी वाढवतो आणि सगळ्यांच्याच आवाजाची पातळी चढते.

आपल्या बोलण्यातील स, श, त, थ, क, फ या व्यंजनांची ओळख वरच्या कंपनांतच असते. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'सात', 'हात', 'पात' सारखेच वाटतात. 'ओरडू नकोस, नीट बोल' असे तो घरच्यांना म्हणू लागतो. काहींना रात्रंदिवस कानात शिट्टी ऐकू येते. काहींना एकच सूर दोन कानांत वेगवेगळ्या उंचीचा लागतो. गवंड्याचा ओळंबा बिघडावा तसा हा प्रकार आहे, कारण वादकाचे अवजार त्याचा कानच असतो.

नामांकित वादकांची कहाणी

३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्लटन येथे 'द हू'च्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढे अशा विक्रमांना उत्तेजन मिळून लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून तो प्रकारच बंद करण्यात आला. या समूहाचे बेसवादक जॉन एंटविसल यांची श्रवणशक्ती उत्तरायुष्यात बरीच खालावली होती. २००२ मध्ये ते वारले. गिटारवादक पीट टाउनशेंड यांनाही कर्णनाद जडला. त्याचा मोठा दोष ते स्टुडिओतील हेडफोनला देतात. ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. २०१६ मध्ये 'एसी/डीसी'चे गायक ब्रायन जॉन्सन यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दौरा अर्धवट सोडावा लागला.

कॅथी पेक या अमेरिकन बेसवादिकेची कहाणी मात्र वेगळी आहे. १९८४ मधील एका मोठ्या कार्यक्रमानंतर त्यांच्या कानांना इजा झाल्याचे ध्यानात आले. त्यांनी १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे रॉक वादकांच्या कानांसाठी संस्था काढली आणि टाउनशेंड यांनी तिला सुरुवातीस आर्थिक साहाय्य दिले. स्वतःचे नुकसान भरून येणार नव्हते, पण पुढच्यांचे वाचवता येणार होते.

हे केवळ रॉकपुरते नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील एका व्हायोलावादकाच्या कानांना २०१२ च्या तालमीत इजा झाली, आणि २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने संस्थेला जबाबदार धरले. आपल्याकडे कारखान्यांच्या कायद्यात आवाजाने येणारा बहिरेपणा हा कामाच्या रोगांच्या यादीत घातला गेला. परंतु सुपारी घेऊन वाजवणाऱ्या मुलाला कारखाना नाही, हजेरीपट नाही आणि मुकादमही नाही. त्याची काळजी त्याने, पार्टीच्या मालकाने आणि बोलावणाऱ्या मंडळानेच घेतली पाहिजे.

किती आवाज, किती वेळ?

अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेने एक सोपा हिशेब दिला आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाकाठी ८ तास चालतील. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला केवळ १५ मिनिटे. ताशा आणि स्पीकर यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या वादकाभोवती १०० डेसिबल सहज होतात. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर मर्यादा ओलांडली असे समजावे.

वादकांनी काय करावे?

१. पेटी कानाकडे वळवावी. खर्ज चहूकडे पसरतो, पण बोटांचा स्पष्ट आवाज सरळ रेषेत जातो. पेटी जमिनीवर असली तर तो गुडघ्यांवर आदळतो आणि कानाला काही कळत नाही. स्टुलावर ठेवून किंवा मागे कलती करून ती कानासमोर आणली की कमी आवाजात काम भागते.

२. 'बेस'चे बटण फिरवण्यापूर्वी 'मिड'चे फिरवून पाहावे. लहान रेडिओचा स्पीकर ४१ कंपने काढूच शकत नाही, तरी खर्ज आपल्याला कळतो. वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो. याचा लाभ घेतल्यास ताकद न वाढवता सूर ओळखू येतो.

३. लोकांसाठीचा आवाज डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला द्यावा. स्वतःजवळची पेटी स्वतःला ऐकू येण्यापुरतीच ठेवावी.

४. ताशा, झांज आणि हॉर्न यांच्यापासून दोन पावले दूर उभे राहावे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केल्यास सुमारे ६ डेसिबल कमी होतात.

५. कानात बोळे घालावेत. कापसाचा उपयोग नाहीसारखाच आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे स्वस्त असतात. ते पिळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत बसवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. हे बोळे वरचे सूर अधिक अडवतात म्हणून आवाज गुदमरल्यासारखा वाटतो. वादकांसाठी सर्व सूर सारखेच, सुमारे १५ डेसिबलने कमी करणारे बोळेही मिळतात.

६. दर तासाने दहा मिनिटे आवाजापासून दूर जावे. वाजवून परतताना कानात हेडफोन घालू नये.

सोण हा भिक्खू गृहस्थाश्रमात वीणा वाजवत असे. तार फार ताणली किंवा फार सैल ठेवली तर वीणा नीट वाजत नाही, हा दाखला भगवान बुद्धांनी त्याला दिला होता. आवाजाच्या बटणालाही तोच न्याय लागू पडतो.

मंडळांनी काय करावे?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास बंदी आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र राज्य शासन जाहीर करू शकते. सुपारी ठरवताना वाजवण्याचे तास, मधली विश्रांती आणि आवाजाची पातळी हीसुद्धा ठरवावी. मोबाइलवरील आवाज मोजण्याची सोय अगदी अचूक नसते, पण अंदाजासाठी पुरते.

वादकांनी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ती वेदनारहित असते. कुठल्या सुरापाशी ऐकणे घटले ते कागदावर दिसते. प्रथम कासा किंवा डहाणू येथील उपजिल्हा रुग्णालयात विचारणा करावी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. अपंगत्वाच्या सवलतीवर मात्र विसंबून राहू नये. २०१६ च्या कायद्यात 'ऐकू कमी येणे' याची व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट अशी आहे. त्याच्या कितीतरी आधी माणसाला सूर आणि शब्द यांतला फरक कळेनासा होतो.

तारपा वाजतो तेव्हा भोवतीचे नाचणारे त्याच्याच अंगच्या आवाजावर पाऊल टाकतात. त्याला विजेची गरज पडत नाही. बेस गिटार आणि स्पीकर हे नव्या काळाचे वाद्यबळ आहे आणि ते आपल्या मुलांनी आत्मविश्वासाने हाताळावे. पण विसाव्या वर्षी वाजवणाऱ्याला पन्नासाव्या वर्षीही आपल्या वाद्याचा सूर आणि नातवंडाचा बोबडा शब्द ऐकू आला पाहिजे. यंदाच्या मिरवणुकीपूर्वी प्रत्येक मंडळाने आपल्या वादकांसाठी बोळ्यांची एक पिशवी आणावी. झेंडे आणि फुले यांच्या खर्चापुढे ती रक्कम फारच थोडी आहे.