दुष्काळातलं जनावर : पोट, पाणी आणि निवड

तत्त्वज्ञानाचा माणूस वैरणीवर काय बोलणार, असं पुढच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं. कान अजून शाबूत आहेत. तेव्हा आधी एवढंच सांगतो, की मी माणदेशातला आहे. पोट आणि तत्त्वज्ञान यांची गाठ माझ्या घरी 1972 सालीच पडली.

त्या वर्षी आमच्या दावणीला पाच जनावरं होती: दोन खिल्लार बैल, दोन गाई, एक कालवड. कडब्याची गंज निम्मी उरली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गंजीकडे बघत चार दिवस काही बोललेच नाहीत. पाचव्या दिवशी एक म्हातारी गाय आणि एक बैल बाजारात नेला. मी तेव्हा कॉलेजात नीतिशास्त्र शिकत होतो. त्यांच्याशी भांडलो. मुक्या जनावरांत निवड करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, वगैरे. ते म्हणाले, "पाचही जगवायला निघालो, तर पाचही मरतील." त्या वाक्यात किती हिशेब आहे, हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. आज तो हिशेबच मांडतो.

गाय-बैल चारा पचवतात असं आपण म्हणतो, ते अर्धसत्य आहे. चारा पचवतात त्यांच्या पहिल्या पोटातले, कोठीपोटातले, कोट्यवधी सूक्ष्मजीव. गाय त्या जिवांना पोसते आणि ते जीव गाईला. आता या जिवांना नत्र लागतं, म्हणजे प्रथिनं लागतात. चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिनं असली, तर त्यांचं बरं चालतं. ज्वारीच्या वाळल्या कडब्यात असतात तीन-चार टक्के. मग काय होतं? जीव उपाशी राहतात, चारा कुजत नाही, पोटात साचून बसतो आणि जनावर खाणंच कमी करतं. म्हणजे बघा, पोट टम्म भरलेलं असूनही जनावर उपाशी मरतं. दुष्काळात माणसं म्हणतात, "वैरण तर टाकत होतो, तरी गेलं." ती खोटं बोलत नसतात.

यावर उपाय वैरण वाढवण्याचा नाही, वैरणीला जोड देण्याचा. पाच किलो कडब्याला एक किलो सरकी पेंड दिली, तर एकूण खाण्यात प्रथिनं साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातात. एवढ्यानं तोच कडबा अंगी लागायला लागतो. पेंड परवडत नसेल तर युरियाची प्रक्रिया आहे: 100 किलो कडब्याच्या कुट्टीवर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचा, 21 दिवस ठेवायचा. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवायचा, मगच घालायचा. पण इथे माझं बोट वर आहे हे लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे द्यायचं नाही, घोड्या-गाढवाला नाही आणि युरियाचं पोतं गोठ्यात उघडं ठेवायचं नाही. युरियाचं पाणी जनावरानं घटाघटा प्यायलं, तर वाचवायला वेळ मिळत नाही.

आता छावणी. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चालवलेली छावणी अनेकांना आठवत असेल. 2019 मध्ये सरकारी छावण्यांचा नियम मोठ्या जनावराला दिवसाला 15 किलो हिरवा चारा, असा सुरू झाला. 15 किलो ऐकायला भरपूर वाटतं. पण छावणीतला हिरवा चारा म्हणजे बहुतेक उसाचं वाढं, आणि त्यात 70 टक्के पाणी. उरला साडेचार किलो कोरडा भाग. साडेतीनशे किलोच्या जनावराला नीट खायला द्यायचं, तर सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. नुसतं तग धरायला पाच किलोच्या आसपास. म्हणजे हा जगवण्याचा रतीब आहे, वाढवण्याचा नाही. यात छावणीवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, पण आपल्या मनातली अपेक्षा दुरुस्त करावी लागते.

वाढ्याची आणखी एक गोम आहे. त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. महिनोन्‌महिने नुसतं वाढं खाल्लेली गाय हाडानं खचते, पुढच्या वेताला दूध तुटतं. चुन्याची निवळी शिंपडणं आणि खनिज मिश्रण देणं, एवढ्यावर हे टळतं. पाण्याचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर लागतं. बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही, हे आमच्याकडे म्हातारी माणसं उगाच म्हणत नाहीत.

आता निवडीकडे येतो. ऑस्ट्रेलियात मांसासाठी गुरं पाळणारे लोक दुष्काळाचा निर्णय आधी घेतात, आणि तिथल्या शेतीखात्यांचा सल्लाही तोच असतो: पाऊस येईल म्हणून वाट बघू नका, अंगावर मांस आहे तोवर विका. आधी खोंड आणि म्हाताऱ्या गाई जातात, तरुण गाई शेवटपर्यंत राखतात. कारण कळप पुन्हा उभा राहतो तो त्यांच्याच पोटी. वासरं तीन-चार महिन्यांचीच आईपासून तोडतात आणि वेगळी चारतात. क्रूर वाटतं ना? पण पाजणाऱ्या गाईला साधारण दीडपट खाणं लागतं. तोच चारा वासराला थेट घातला, तर दोघंही कमी चाऱ्यात जगतात. क्वीन्सलंडमध्ये मुलगा नावाच्या झाडाच्या फांद्या तोडून गुरं जगवतात. आपल्याकडे बाभळीच्या शेंगा आणि सुबाभूळ, तसंच.

आपल्याकडे मात्र विकण्याचा रस्ता अरुंद झाला आहे. 1976 च्या कायद्यानं गोहत्येला बंदी होती, पण निकामी बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत असे. 2015 च्या दुरुस्तीनं तेही थांबलं. कायदा योग्य की अयोग्य, यावर स्वतंत्र व्याख्यान घ्या, मी येईन आणि दोन्हीकडून बोलणी खाईन. आज फक्त एवढंच म्हणतो, की ज्यानं बैल विकू नये असं ठरवलं, त्यानं त्या बैलाच्या पाच किलो कोरड्या चाऱ्याचंही काहीतरी ठरवायला हवं होतं. ते ओझं एकट्या शेतकऱ्याच्या गंजीवर पडलं आहे. आणि गंज अर्धी झाल्यावर बाजारात गेलात, तर सगळा तालुका त्याच दिवशी तिथे आलेला असतो. भाव पडतोच.

जाता जाता एक. दुष्काळात जनावरं पाऊस पडल्यावरही मरतात. पहिल्या सरीनंतर ज्वारीच्या जुन्या धसकटाला हिरवेगार कोंब फुटतात, त्यात सायनाईडसारखं विष असतं. उपाशी जनावर त्यावर तुटून पडतं आणि तासाभरात आडवं होतं. बहात्तरच्या पुढच्या जूनमध्ये सगळं गाव गुरं सोडत होतं, आणि अण्णांनी आमची तिन्ही जनावरं पंधरा दिवस दावणीलाच बांधून ठेवली होती. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. कालवड त्या कोंबांकडे बघून दिवसभर हंबरायची.