गुलाबाचें पान पिवळें कां पडतें ?

पुण्याच्या पेठांमधील एखादा जुना वाडा पाडून त्या जागीं पांच मजली इमारत उभी राहते, तेव्हां बिऱ्हाडें परत येतात. परंतु वाड्याच्या चौकांतलें फारसें कांहीं त्यांच्याबरोबर परत येत नाहीं. उदाहरणादाखल असें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पाडकाम सुरू होण्यापूर्वीं त्यांनीं परसांतल्या गांवठी गुलाबाचें खोड मुळांसकट काढून घेतलें, आणि इमारत झाल्यावर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरींत मोठ्या कुंडींत तें लावलें. कुंडी भरावयास मातीहि वाड्याच्याच जागेंतली आणली. ज्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद घरांत तीन पिढ्या होत आला, तें झाड नव्या घरांत जगावें, ही लहानथोर सर्वांचीच इच्छा. पहिले दोन महिने तें टवटवीत राहिलें, आणि मग त्याचीं पानें पिवळीं पडूं लागलीं.

अशा वेळीं घरांत जो तो वैद्य होतो. आजी म्हणतात, झाड उन्हानें पोळलें आहे, पाणी वाढवा. सूनबाई अंड्यांचीं टरफलें कुटून मातींत घालतात. शेजारचे गृहस्थ गंजलेले चार खिळे पुरावयास सांगतात. थोरला मुलगा दुकानांतून एप्सम मीठ घेऊन येतो. हे सर्व उपाय एकाच आठवड्यांत होतात, आणि झाड पूर्वीपेक्षां अधिक पिवळें दिसूं लागतें. प्रेमाची उणीव कोठेंच नसते. फक्त पिवळें पान हातांत घेऊन तें नीट पाहण्याचें काम कोणीहि केलेलें नसतें.

पिवळेपणा हें तापासारखें एक लक्षण आहे. ताप हिंवतापाचा असेल, पडशाचा असेल, किंवा पिकलेल्या गळवाचा असेल. औषध त्या त्या कारणावर द्यावें लागतें. पानाचेंहि तसेंच. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. उन्हाच्या साहाय्यानें झाडाचें अन्न तयार करणारें हें द्रव्य पानांत सतत मोडत असतें आणि सतत नवें घडत असतें. पिवळीं रंगद्रव्यें पानांत आधींपासूनच असतात, पण हिरव्याच्या आड तीं झांकलेलीं राहतात. हरितद्रव्य घडण्याचें काम अडलें, कीं झांकलेला पिवळा उघडा पडतो. हरितद्रव्याच्या कणाच्या मध्यभागीं मॅग्नेशियम असतें. या द्रव्याच्या घडणीचा शोध घेणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्स्टेटर यांना १९१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लोह त्या कणांत नसतें. परंतु तो कण घडवावयास झाडाला लोह लागतेंच, आणि नत्र तर पावलोपावलीं लागतें. म्हणजे कामांत खोळंबा होण्याच्या जागा अनेक, आणि बाहेरून दिसणारा रंग मात्र एकच.

तरीहि या अनेक कारणांतून नेमकें एक वेगळें काढण्याची सोय झाडानेंच ठेविली आहे. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू झाला कीं शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून, हें आधीं पाहावें. घरांत धान्य कमी पडूं लागलें म्हणजे वडील माणसें स्वतःच्या ताटांतलें मुलांच्या ताटांत वाढतात. नत्र आणि मॅग्नेशियम यांचा व्यवहार असाच चालतो. तुटवडा पडतांच जुनीं पानें आपल्याजवळचा सांठा नव्या पानांना देतात आणि स्वतः पिवळीं होतात. लोहाची गोष्ट उलटी आहे. तें एकदां एका पानांत बसलें कीं तेथून सहसा हलत नाहीं. त्यामुळें लोहाची उपासमार प्रथम कोवळ्या पानांना भोगावी लागते. एवढें ध्यानांत ठेवलें तरी निम्मे चुकीचे उपाय टळतात.

मात्र खताचा विचार करण्यापूर्वीं पाण्याचा करावा, कारण घरगुती गुलाब तहानेपेक्षां पाण्यानेंच अधिक मरतात. मुळांना ओलाव्याइतकीच हवाहि लागते. कुंडीचें भोंक बुजलें, माती चिकट काळी असली, किंवा कुंडीखालच्या ताटलींत पाणी सांचून राहिलें, तर मुळें गुदमरतात आणि कुजूं लागतात. कुजलेलें मूळ पाणी शोषूं शकत नाहीं. मग ओल्याचिंब मातींत उभें असलेलें झाड तहानलेल्यासारखें मान टाकतें, पानें मलूल होऊन पिवळीं पडतात, आणि तें पाहून घरधनी आणखी एक तांब्या ओततो. या एका गैरसमजापायीं जितकीं झाडें गेलीं असतील, तितकीं कोणत्याहि किडीनें खाल्लीं नसतील.

वरची माती सुकलेली दिसते म्हणून आंतहि सुकी असेल असें नाहीं. बोट दोन पेरें खोल घालावें, किंवा लांकडाची काडी खोंचून बाहेर काढावी. काडीला ओली माती चिकटली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. संशय राहिलाच तर झाड कुंडींतून अलगद काढून मुळें पाहावीं. निरोगी कोवळीं मुळें पांढरट व कणखर असतात. कुजकीं तपकिरी, लिबलिबीत असतात, आणि त्यांना घाण येते. तीं स्वच्छ कात्रीनें कापून टाकावीं. दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत आणि एक भाग जाडी वाळू, अशा मिश्रणांत झाड पुन्हां लावावें, आठ दिवस सांवलींत ठेवावें, आणि नवी पालवी फुटेपर्यंत खताला हात लावूं नये. रोपवाटिकेंतून आणलेल्या कलमांच्या बाबतींत आणखी एक पाहावें. त्यांच्या मुळांभोंवतीं पुष्कळदां घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तो तसाच कुंडींत ठेवला तर भोंवतालची माती ओली आणि गोळा आंतून कोरडा, किंवा याच्या अगदीं उलट, असा प्रकार होतो. गोळ्याची बाहेरची बाजू हलक्या हातानें मोकळी करून मगच झाड लावावें.

वाड्याच्या गुलाबाची मुळें मात्र पांढरीं आणि सशक्त निघालीं. आतां पान पाहूं लागावें. खालचीं जुनीं पानें हिरवीं. शेंड्याचीं कोवळीं पानें फिकट पिवळीं, कांहीं तर जवळजवळ पांढुरकीं. पण त्या पिवळ्या पानांतल्या शिरा हिरव्यागार, जणूं पिवळ्या वस्त्रावर हिरव्या दोऱ्याची जाळी काढली आहे. लोहाच्या उणिवेची ही खूण बहुधा चुकत नाहीं.

येथें एक मौज आहे. दख्खनच्या मातींत लोहाला तोटा नाहीं. ज्या काळ्या पाषाणापासून ती झाली त्यांतच तें भरपूर आहे. अडचण चुन्याची आहे. मातीचा आंबटपणा किंवा अल्कपणा मोजण्याच्या आंकड्याला सामू म्हणतात. सामू ७ असला तर माती उदासीन. त्याखालीं आंबट, त्यावर अल्क. गुलाबाला साधारण ६ ते ६.५ सामू मानवतो. चुनखडीच्या काळ्या मातींत तो ८ च्या घरांत जातो, आणि अशा मातींतलें लोह न विरघळणाऱ्या रूपांत अडकून बसतें. कोठार भरलेलें, पण त्याला कुलूप, अशी झाडाची स्थिति होते. वाड्याच्या मातींत तर जुन्या भिंतींचा चुना मिसळलेला होता. त्यांत अंड्यांचीं टरफलें पडलीं, म्हणजे पुन्हां चुनाच पडला. पाणी विंधनविहिरीचें, तेंहि जड. खिळ्यांचा उपयोग होण्याचें कारणच नव्हतें, कारण गंज हें लोहाचें न विरघळणारेंच रूप आहे. चुनखडीच्या मातींत तो वर्षानुवर्षें तसाच पडून राहतो. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ज्याची उणीव नव्हती तें देऊन झाडाच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं.

निदान खरें कीं खोटें हें घरच्या घरीं ताडून पाहतां येतें, आणि ती युक्ति पावणेदोनशें वर्षांची जुनी आहे. १८४० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें ग्री नांवाच्या संशोधकानें पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाच्या क्षाराचें पाणी लावून पाहिलें, तेव्हां पानें पुन्हां हिरवीं होऊं लागलीं. तोच प्रयोग गॅलरींत करावा. पेलाभर पाण्यांत हिराकशीची लहानशी चिमूट विरघळवून, कुंचल्यानें एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला लावावी आणि अर्धा भाग कोरा ठेवावा. आठ-दहा दिवसांत लावलेल्या भागांत हिरवे ठिपके उमटले, तर लोहच हवें आहे असें निःशंकपणें समजावें. उमटले नाहींत, तर पैसे वांचले.

उपाय दोन प्रकारचे आहेत. तात्पुरता असा : लिटरभर पाण्यांत दोन ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावें, व दहा-बारा दिवसांनीं पुन्हां एकदां. पाणी ताजें करूनच वापरावें. ठेवलें तर तांबूस होऊन निकामी होतें. फरशीवर किंवा कपड्यांवर पडलेला त्याचा डाग सहजीं निघत नाहीं, हें गृहिणीला आधींच सांगितलेलें बरें. मातींत द्यावयाचें असेल तर ‘ईडीडीएचए’ या संयुगांत बांधलेलें तांबडें लोहचूर्ण मिळतें, तें पाकिटावरील प्रमाणांत द्यावें. तें चुनखडीच्या मातींतहि टिकतें. ‘ईडीटीए’ चें स्वस्त चूर्ण तेथें फार काळ टिकत नाहीं. कायमचा उपाय म्हणजे माती बदलणें. मातींत गंधक घातल्यानें सामू हळुहळू उतरतो हें खरें, पण भिंतींचा चुना भरलेल्या कुंडींत गंधकाची मात्रा चालावयास फार दिवस लागतील. पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी धरून ठेवतां आलें तर गुलाबाला त्याच्यासारखें दुसरें पाणी नाहीं.

जुनीं पानें आधीं पिवळीं होत असतील तर प्रकरण सोपें असतें. सबंध पान एकसारखें फिकें, नवीं पानें लहान आणि फांद्या काटकुळ्या, ही नत्राची उणीव. कुंडींतलें नत्र रोजच्या पाण्याबरोबर वाहून जातें. दोन ओंजळी कुजलेलें शेणखत किंवा मूठभर पेंड मातींत मिसळून दिली कीं काम भागतें. ताजें शेण मात्र घालूं नये. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. एप्सम मीठाची खरी जागा ही. लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम घालून फवारलें म्हणजे पुरे. पानांच्या कडा करपल्या असतील आणि कुंडीच्या कांठावर पांढरा थर धरला असेल, तर खत जास्त झालें आहे. चांगला निचरा असलेल्या कुंडींतून भरपूर पाणी वाहूं द्यावें. आणि तळाचीं दोन-चार पानें अधूनमधून पिवळीं होऊन गळालीं, तर तो वयाचा धर्म आहे.

पावसाळ्यांतला पिवळेपणा मात्र वेगळा. पानांवर काळे, झालरीसारख्या कडांचे ठिपके उठतात, भोंवतालचा भाग पिवळा होतो, आणि पंधरवड्यांत झाड उघडें पडतें. हें एका बुरशीचें काम. पान सहा-सात तास ओलें राहिलें कीं तिचें बी रुजतें. म्हणून पाणी सकाळीं आणि मुळाशींच द्यावें, झाडांत अंतर ठेवावें, ठिपक्यांचीं व गळालेलीं पानें वेंचून घराबाहेर टाकावीं. त्यानें न भागल्यास मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणांत, तोंडानाकाला फडकें बांधून, फवारतात. ज्या गुलाबाचा गुलकंद करावयाचा, त्याला मात्र हें औषध लावूं नये. तेथें पानें वेंचण्याचा कंटाळाच सोसावा.

उन्हाळ्यांत, मार्चपासून मे अखेरपर्यंत, पानावर बारीक पिवळसर टिंबांची रांगोळी दिसली तर पानाखालीं पांढरा कागद धरून पान झटकावें. कागदावर तांबूस कण चालूं लागले तर तो लाल कोळी. चार-पांच दिवसांच्या अंतरानें पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्यानें तो पुष्कळ हटतो. साध्या कीटकनाशकानें त्याला खाणारे किडेच मरतात आणि कोळी वाढतो. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा उमटल्या तर तो विषाणु असतो. त्याला औषध नाहीं, पण अशा झाडाचें कलम करावयाचें नाहीं एवढें पाळलें कीं तो शेजारच्या झाडांत सहसा जात नाहीं.

वाड्याच्या गुलाबाला हिराकशीचे दोन फवारे झाले, टरफलें व खिळे निघाले, आणि पावसाळा सरतांच माती बदलली. कोवळ्या पानांतलीं कांहीं पुन्हां हिरवीं झालीं, कांहीं पांढुरकींच राहून गळालीं. गळालेल्यांची चिंता करूं नये, नव्या पालवीचा रंग पाहावा. मुळें धरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर हलकी छाटणी करावयाची. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनीं कळ्या उमलूं लागतात.